सर्वांत जास्त अर्थांचा इंग्रजी शब्द कोणता : ‘सेट’ की ‘रन’?

गंगापूररोडकर

मंडळी, एक निवाडा करून द्या.

आमच्या सोसायटीत गणपतीत प्रश्नमंजुषा असते आणि प्रश्न काढायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. यंदा एक प्रश्न होता, इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द कोणता? माझ्या यादीत उत्तर ‘सेट’. आमच्या पिढीने सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून हेच पाठ केलंय. नववीतल्या एका पोराने ठासून ‘रन’ सांगितलं. मी गुण दिले नाहीत. रात्री जेवणं उरकायच्या आत त्याचे वडील मोबाइल पुढे करून दारात उभे. त्यांच्या मोबाइलवर ‘रन’, माझ्या मोबाइलवर ‘सेट’, आणि दोन्हीकडे हवाला ऑक्सफर्डचाच.

माझं मत अजूनही ‘सेट’. टीव्ही सेट, दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट, सिनेमाचा सेट. जेली सेट होते, पोरगा अमेरिकेत सेट होतो. ‘रन’ म्हणजे धावणे, नाहीतर क्रिकेटमधली धाव, फार तर मशीन चालवणे. अजून काय आहे त्यात? जाणकारांनी सांगावं. आणि तुमच्या कामाच्या जागी हे दोन शब्द कसे वापरता तेही लिहा, पुढच्या वर्षीच्या प्रश्नांना उपयोगी पडेल.

तर्रीबाज

सेट झालेला बॅट्समन रनआउट झाला. एका चेंडूत निकाल. पुढचा प्रश्न घ्या.

शब्दपाखरू

गंगापूररोडकर, दोन्ही मोबाइल खरं बोलताहेत, फक्त साल वेगळं आहे.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची 20 खंडांची दुसरी आवृत्ती 1989 ची. तिच्यात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, सुमारे 60,000 शब्दांची. म्हणजे एका शब्दावर अख्खं पुस्तक. नुसत्या ‘सेट’चे 430 अर्थ, सेट अप, सेट ऑफ, सेट इन वगैरे जोडून सुमारे 580. तुमचं पाठांतर या आवृत्तीचं.

पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं. 2011 मध्ये ‘रन’ नव्याने लिहून झाला, तर त्याच्या क्रियापदाचे 645 अर्थ भरले. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराने त्या एका शब्दापायी नऊ महिने घालवले. पोराच्या वडिलांचा मोबाइल हा.

आणि ‘रन’मध्ये अजून काय आहे म्हणता? नाक रन होतं, धुण्यात साडीचा रंग रन होतो, अंगात ताप रन होतो. नदी रन होते, तिच्या काठचा रस्ताही रन होतो, जरी तो जागचा हलत नसला तरी. हॉटेल रन करतात, बंदुकांची चोरटी वाहतूक रन करतात, वर्तमानपत्र बातमी रन करतं. नाटक रन होतं, दूध संपत आलं की आपण दुधाच्या बाबतीत ‘लो’ रन होतो, आणि धोका पत्करला तर धोकाही रनच. हे सगळं एका दमात आठवलेलं. बसून लिहिलं तर अॅडमिन हाकलून देतील.

आणखी एक बारीक गोष्ट. तुमचे टीव्ही सेट, दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट ही सगळी नामं. ती या मोजणीत नाहीतच. मोजलंय ते क्रियापद.

अंबडचा फिटर

आमच्याकडे दिवसाचा पहिला शब्द सेट आणि दुसरा रन. लेथवर नवा जॉब (घडवायचा तुकडा) आला की सेटर येतो, टूल सेट करतो, पहिला पीस तपासतो. पीस ओके आला की बॅच रनला.

पण खरी मजा ‘रनआउट’ची आहे. तर्रीबाज, तुम्हाला वाटतं तो क्रिकेटचा शब्द. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, जॉब धरला की तो बरोबर मध्य धरून फिरायला हवा. डायल गेजचं टोक जॉबवर टेकवायचं, चक हाताने सावकाश फिरवायचा आणि काट्याकडे बघत राहायचं. एका फेरीत काटा चार रेघा पुढेमागे झाला की झाला 0.04 मिलिमीटर रनआउट. मग जी बाजू वर आलीय तिथे तांब्याच्या हातोडीने हलकी टपली, परत फेरी, परत टपली. सुपरवायझर लांबून ओरडतो, “रनआउट किती?” एका नव्या अॅप्रेंटिसने शांतपणे सांगितलं होतं, “साहेब, मॅच उद्या आहे.”

‘सेट’चा एक अर्थ इथे कुणी सांगणार नाही म्हणून सांगतो. हॅकसॉचं ब्लेड डोळ्यांसमोर आडवं धरा. दात सरळ रेषेत नसतात, एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे. त्या झुकण्याला सेट म्हणतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं मोकळं फिरतं. सेट गेला की दाताला धार असली तरी ब्लेड कापात आवळतं. नवी पोरं मग जोर लावतात आणि ब्लेड तोडतात.

ओझरकर

विमानाच्या कामात ‘ग्राउंड रन’ असतो. विमान जागेवर जखडलेलं, चाकांना चोक, म्हणजे अडसर, लावलेले, आणि इंजिन चालवून सगळे आकडे तपासायचे. विमान तसूभर हलत नाही, तरी रन. ओझरच्या विमान कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना तो आवाज नवा नाही.

निफाडची बाग

आम्हा द्राक्षवाल्यांसाठी सेट म्हणजे सेटिंग, आणि सेटिंग म्हणजे मणी सेटिंग. बाकी सगळे अर्थ नंतर.

गोडी छाटणी (फळासाठीची) झाली, डोळे फुटले, घड निघाले, फुलोरा आला. फुलोरा उरकून मणी धरला की म्हणायचं सेटिंग झालं. ते चार-आठ दिवस बागाईतदार माणसात नसतो. घडाखाली तळहात धरायचा आणि देठाला टिचकी मारायची. हातात काय आणि किती पडतं त्यावरून अंदाज घ्यायचा. थोडी गळ हवीच असते, घड मोकळा राहतो, पुढे विरळणीची मजुरी वाचते. पण ऐन त्या वेळी अवकाळी आला, आभाळ धरून राहिलं, तर गळ तरी होते नाहीतर कूज तरी लागते. आमच्याकडे माणसं एकमेकांना भेटल्यावर बरं आहे का विचारत नाहीत, सेटिंग कसंय विचारतात.

रनचं काही सांगता येत नाही. दर पडला की व्यापारी रन होतो, एवढं माहीत आहे.

तर्रीबाज

म्हणून नाशकात कुणी ‘सेटिंग झालं’ म्हणालं की आधी विचारायचं, बागेचं की टेंडरचं?

निफाडची बाग

दोन्हींत फवारणी लागते भाऊ. 😄

ठेकेदारी नको रे बाबा

टेंडरचा विषय निघालाच आहे तर. आमच्या धंद्यात ‘रनिंग बिल’ असतं. काम चालू असताना झालेल्या कामापुरतं जे बिल लावतात ते. माझं एक रनिंग बिल एका कचेरीत एकाच टेबलावर इतकं स्थिर बसलंय की त्याला सेट म्हणायला हवं. ओझरकरांच्या विमानासारखं, चोक लावलेलं.

दुसरं, ओट्याचा आणि कठड्याचा भाव ‘रनिंग फूट’वर, म्हणजे नुसत्या लांबीवर. फर्निचरवाला भाव रनिंग फुटाचा सांगतो, गिऱ्हाईक डोक्यात चौरस फूट धरतं, आणि भांडण हिशेबाच्या दिवशी होतं.

सिमेंटचं सेट होणंही लोक चुकीचं धरतात. साध्या पोर्टलँड सिमेंटला भारतीय मानकानुसार पहिलं सेटिंग 30 मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवटचं 600 मिनिटांच्या आत झालं पाहिजे. दहा तासांत सेट झालं म्हणजे ताकद आली असं नाही. ताकद पुढे पाणी मारत राहिल्यावर येते, स्लॅबची चाचणी 28 दिवसांची असते. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी स्लॅबवर उड्या मारून सांगतं, “सेट झालंय की!”

इंग्रजीच्या बाई

चर्चा छान रंगलीय. तीस-एक वर्षं फळ्यापुढे काढल्यामुळे राहवत नाही, थोडं व्याकरण सोसा.

‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप आहे. आपलं बसणे आणि बसवणे, तसंच. तो ‘सिट’ आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू एकाच घराण्यातले. सदन, परिषद, संसद यांत जो आहे तोच. त्यामुळे ‘सेट’चे अर्थ कोड्यात टाकतात तेव्हा मी मुलांना सांगायचे, आधी ‘बसवणे’ लावून बघा. हाड बसवणे, हिरा बसवणे, मोटर बसवणे, नाटकातला प्रसंग अमक्या गावात बसवणे. पुष्कळदा जमतं. घट आणि गणपती तर आपण बसवतोच.

वस्तूंचा समूह या अर्थाचा ‘सेट’ मात्र वेगळ्या घरचा. तो जुन्या फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा गट. ‘सेक्ट’ म्हणजे पंथ, तोही त्याच्यातलाच. दोन वेगळे शब्द चालता चालता एकसारखे दिसू लागले आणि एकमेकांत मिसळले. डब्यांचा सेट आणि सिमेंट सेट होणं यांत नातं शोधत बसलात तर सापडायचं नाही.

‘रन’चं तसं नाही. तो फुगला तो मुख्यतः यंत्रांमुळे. आधी माणूस, घोडा, पाणी धावायचं. मग गिरणी, आगगाडी, घड्याळ, इंजिन, आणि आता प्रोग्रॅम. जे जे स्वतःहून हलतं ते ते इंग्रजीत धावू लागलं.

कोडेश्वर

बाई, आदर ठेवून असहमत. 645 वगैरे कोशकारांची हौस आहे. ‘रन’चा अर्थ एकच, काहीतरी चालू राहणं. नाक, नळ, नाटक, प्रोग्रॅम, सगळीकडे तोच. संदर्भ बदलला की नवा अर्थ मोजायचा म्हटलं तर कुठल्याही शब्दाचे हजार करता येतील. आमच्या प्रोग्रॅमिंगमध्ये याला डुप्लिकेट डेटा म्हणतात. आणि ‘सेट’ची आमची व्याख्याच अशी आहे की त्यात एक गोष्ट दोनदा येऊ शकत नाही. कोशकारांना आधी तो शिकवा.

आडगावची सून

मग मोजायची एक साधी रीत सांगते. वाक्य मराठीत करा. मराठीत वेगळं क्रियापद लागलं तर वेगळा अर्थ, तेच चाललं तर तोच अर्थ. नाक वाहतं, रंग जातो, दुकान चालतं, ताप असतो, धोका पत्करतो. झाले पाच.

कोडेश्वर

ही रीत आवडली. ऑक्सफर्डला कळवा.

इंग्रजीच्या बाई

आवडायला सोपी आहे, पण घात करते. तीच रीत इंग्रजी ‘वेअर’ला लावून बघा. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, गजरा माळतो, चष्मा लावतो, फेटा बांधतो, कुंकू लावतो. इंग्रज या सगळ्याला एकच ‘वेअर’ म्हणतो आणि त्याच्या मनात तो एकच अर्थ असतो. वेगवेगळी क्रियापदं ही आपली श्रीमंती झाली, त्यावरून ‘वेअर’ला पाच-सहा अर्थ कसे द्यायचे? आडगावच्या सूनबाईंच्या रीतीने इंग्रजी शब्द न मोजता आपण मराठीच मोजू.

आडगावची सून

बाई, माळायला गजरा तरी आता कुठे मिळतो चांगला. पण पटलं. साडीला इंग्रजीत घालतात हे माझ्या सासूबाईंना सांगणार नाही.

सीबीएसचा वकील

मला कोडेश्वरांचं ‘एकच अर्थ’ मान्य नाही, आणि त्याचं कारण रोज समोर बसतं.

‘सेट असाइड’ घ्या. घरात पैसे ‘सेट असाइड’ केले म्हणजे जपून बाजूला ठेवले. अपिलात खालच्या कोर्टाचा हुकूम ‘सेट असाइड’ झाला म्हणजे तो रद्द झाला, संपला. एकात वस्तू राखली, दुसऱ्यात मोडीत काढली. एका पक्षकाराला मी आनंदाने सांगितलं, समोरच्याचा हुकूम सेट असाइड झाला. तो चिंतेत, “बाजूला ठेवलाय म्हणजे साहेब परत कधी काढतील?” पेढे आणायला तो दुसऱ्या दिवशी आला, घरच्या इंग्रजी माध्यमातल्या पोराला विचारून.

‘रन’ही आमच्याकडे भरपूर. दोन शिक्षा ‘कन्करंटली रन’ होणार म्हणजे एकत्र भोगायच्या. ‘कन्सिक्युटिव्हली’ म्हणजे एकीनंतर एक. दावा लावायची मुदत अमुक तारखेपासून ‘रन’ होते. माणूस आत बसलेला असतो आणि त्याची शिक्षा धावत असते.

तर्रीबाज

इंग्रजांचं सगळं पळतंच. त्यांचं दुकान पळतं, आपलं चालतं. त्यांचं मशीन पळतं, आपलं चालतं. त्यांचा संसार कसाबसा पळतो, आपला कसाबसा चालतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ होतो, म्हणजे तिथेही पळापळच.

शब्दपाखरू

आणि ब्रिटनमध्ये तोच उमेदवार ‘स्टँड’ होतो. अमेरिकन पळतो, ब्रिटिश उभा राहतो. आपलाही उभाच राहतो.

तर्रीबाज

निवडून आल्यावर बसतो. म्हणजे सेट.

जुना छापखाना

उशिरा आलो. आमचा रविवार कारंज्याजवळ खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापायचा, छापखाना होता, आता नाही. खिळे जुळवणाऱ्याला आम्ही जुळारी म्हणायचो, इंग्रजीत तेच ‘टाइप सेट’ करणं. डाव्या हातात स्टिक (ओळ जुळवायची पट्टी), उजवा हात खिळ्यांच्या घरांवरून फिरतोय, आणि अक्षर उलटं वाचायची इतकी सवय की जुळाऱ्याला सरळ छापलेलं वाचताना क्षणभर थांबावं लागे.

आमच्यातला एक अर्थ कुणाला ठाऊक नसेल, ‘सेट-ऑफ’. ओल्या छापलेल्या कागदावर दुसरा पडला आणि खालच्याची शाई वरच्या कागदाच्या पाठीला उमटली की तो सेट-ऑफ. लग्नपत्रिकांच्या दिवसांत घाईत हे फार व्हायचं. एका पत्रिकेच्या पाठीवर दुसऱ्याच घरचा वर उमटलेला आम्ही पाहिलाय. आम्ही मराठीत म्हणायचो, ‘मागे लागलं’.

आडगावची सून

‘मागे लागलं’! सेट-रन राहू द्या, आपल्या ‘लागणे’पुढे कुणी टिकतं का? भूक लागते, नोकरी लागते, आग लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, ठेच लागते, फोन लागतो, वेड लागतं, बोअरला पाणी लागतं, पोर नादी लागतं. आणि वर या धाग्यात प्रत्येकाने तो किती वेळा वापरलाय ते बघा.

ओझरकर

ठक्कर बझारच्या बसस्टँडवर उभं राहून ‘गाडी लागली का?’ विचारा. एकजण सांगतो तीन नंबरला लागलीय, दुसरा सांगतो हो, कसारा घाटात लागली, पिशवी होती म्हणून बरं.

शब्दपाखरू

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घरात असेल तर ‘लागणें’ उघडून बघा. पहिली आवृत्ती 1831 ची, वाढवलेली दुसरी 1857 ची. त्या साहेबाने काय काय टिपून ठेवलंय ते वाचताना वेळ कसा गेला कळत नाही.

गंगापूररोडकर

मंडळी, गाडी कसारा घाटातून परत आणा. पोराचे वडील रोज लिफ्टमध्ये भेटतात. मी काय सांगू? 645 मोठे की 580, हे त्यांनाही कळतं. ‘रन’ जिंकला का?

शब्दपाखरू

माझ्या मते नाही जिंकला, आणि ‘सेट’ही नाही.

नव्या आवृत्तीत हा मान आधी कुणाकुणाकडे होता बघा. 2000 मध्ये ‘मेक’. 2007 मध्ये ‘पुट’. 2011 मध्ये ‘रन’. काही दिसतंय? एम, पी, आर. कोशाची ही सुधारणा 2000 साली ‘ए’पासून सुरू न करता ‘एम’पासून सुरू केली आणि वर्णानुक्रमे पुढे नेली. काम ज्या अक्षरावर पोचलं तिथला मोठा शब्द पहिला येत गेला. 2011 ला काम ‘आर’मध्ये होतं. ‘एस’ त्याच्या पुढे.

म्हणजे 1989 चा, त्यातही बराचसा त्याआधीच्या जुन्या संपादकांनी रचलेला ‘सेट’ आणि 2011 मध्ये नव्याने, संगणकावर ढिगाने दाखले शोधून लिहिलेला ‘रन’, यांची ही तुलना. एकाची उंची शाळेच्या दाखल्यावरून घेतली आणि दुसऱ्याची आज टेप लावून. त्यात कोडेश्वर म्हणतात तेही अर्धं खरं आहे. एका अर्थाचे दोन करायचे की दोनाचा एक, हे संपादक ठरवतो. एका माणसाने, एकाच वेळी, एकाच मापाने दोन्ही लिहिले असते तरच आकडे शेजारी ठेवता आले असते.

कोडेश्वर

अर्धं तर अर्धं. घेतलं.

सीबीएसचा वकील

मग दोष प्रश्नाच्या मसुद्यात आहे. ‘सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाचे’ याला उत्तर नाही. ‘1989 च्या ऑक्सफर्ड कोशात सर्वांत लांब नोंद कोणत्या शब्दाची’ याला आहे. असा प्रश्न काढला असता तर लिफ्टने जाता आलं असतं.

गंगापूररोडकर

ठरलं. पोराला गुण देतो, ज्यांनी ‘सेट’ सांगितलं त्यांचे काढत नाही. पण मग पहिल्या नंबरावर तो आणि चौथ्या मजल्यावरच्या देशपांडे आजी बरोबरीत येतात. अजून एक फेरी घ्यावी लागणार. ‘लागणे’चे अर्थ एका मिनिटात जास्तीत जास्त कोण सांगतं, चालेल?

तर्रीबाज

आजी पोराला उभं राहू देणार नाहीत. बक्षीस काय आहे?

गंगापूररोडकर

स्टीलच्या डब्यांचा सेट. तीनचा.

सीबीएसचा वकील

विजेते दोन, डबे तीन. माझं कार्ड पाठवू का?